आधी टेलला पाणी

२००९च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात मी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून रुजू झाले. पहिल्याच दिवशी माझ्या हातात एक वही आली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. माझ्या आधी त्या जागेवर असलेल्या माणसाने ती चार वर्षं लिहिली होती. प्रत्येक मशिनला एक पान. वर मशिनचं नाव, खाली तारखा आणि त्या त्या दिवशी काय केलं त्याची नोंद. ‘डिस्क बदलली.’ ‘फायरवॉलमध्ये पोर्ट उघडलं.’ ‘हे तात्पुरतं, पुढच्या आठवड्यात पूर्ववत करायचं.’ ही शेवटची नोंद दीड वर्षापूर्वीची होती. पूर्ववत केलं की नाही, ते वहीत नव्हतं.

अशा वह्या मी लहानपणापासून पाहिलेल्या. माझे वडील पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, कराड तालुक्यात, कृष्णा कालव्यावर. त्यांच्या वहीत चाऱ्या आणि पोटचाऱ्या, कुठलं गेट किती वाजता किती उघडलं, कुणाची पाळी कधी संपली, असं सगळं असायचं. उन्हाळी आवर्तन सुरू झालं की ती वही जेवताना ताटाशेजारी असे. त्यामुळे वही लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, तेव्हाही होता. पण दोनशे मशिनं वहीवर चालत नाहीत, हे कळायला मला बराच काळ गेला.

आधी ती मशिनं कशासाठी होती ते सांगते. जिनिव्हाजवळ सर्न या संस्थेत २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉनच्या टकरी घडवणारं यंत्र आहे, लार्ज हेड्रॉन कोलायडर. सप्टेंबर २००८ मध्ये ते सुरू झालं आणि नऊच दिवसांत, १९ सप्टेंबरला, चुंबकांना जोडणाऱ्या विद्युतजोडणीत बिघाड होऊन हेलियमची मोठी गळती झाली. दुरुस्तीला वर्षाहून जास्त लागलं. मी आले ती त्या मधल्या काळात. यंत्र थांबलेलं होतं, पण संगणकांच्या बाजूला उसंत नव्हती. यंत्र पुन्हा सुरू झालं की वर्षाला सुमारे १५ पेटाबाइट माहिती येणार होती, आणि ती एका जागी साठवणं, तिच्यावर एका जागी गणित करणं शक्य नव्हतं. म्हणून तेव्हा ३३ देशांतली १४० संगणक केंद्रं एकमेकांना जोडलेली होती. मुळाशी सर्न, त्याला टियर-० म्हणायचं. मग काही मोठी राष्ट्रीय केंद्रं, टियर-१. आणि त्यांच्याखाली विद्यापीठांतली टियर-२. ब्रिटनचं टियर-१ ऑक्सफर्डजवळच्या रदरफर्ड अ‍ॅपलटन प्रयोगशाळेत. विद्यापीठांचे लंडन, उत्तर, दक्षिण आणि स्कॉटलंड असे चार गट. भारतातली दोन टियर-२ केंद्रं म्हणजे मुंबईतली टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्यातलं व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर. या सगळ्याला आम्ही नुसतं ‘ग्रिड’ म्हणत असू.

ग्रिडची गंमत आणि ग्रिडचा त्रास एकच. मिलानमधली विद्यार्थिनी आपला जॉब, म्हणजे गणिताचं काम, ग्रिडवर सोडते तेव्हा तो कुठल्या देशात, कुठल्या मशिनवर चालेल हे तिला माहीत नसतं, आणि माहीत असण्याची गरजही नसावी. म्हणजे कुठल्याही केंद्रातलं कुठलंही मशिन त्या जॉबला घरच्यासारखं वाटलं पाहिजे. तीच प्रमाणपत्रं, तीच खाती, त्याच ठिकाणी तेच सॉफ्टवेअर. एका मशिनवर एक ओळ वेगळी असली, तर मिलानमध्ये कुणाचा तरी जॉब मरतो आणि तिला कारण कळत नाही. ती आपल्याच प्रोग्राममध्ये चूक शोधत बसते. हे मला फार लागायचं. चूक माझ्या मशिनवरची आणि रात्र जागते ती.

आमच्या गटात तीन शहरांतली तीन विद्यापीठं होती. सर्वांत मोठी साइट माझ्याकडे, दोनशेच्या आसपास मशिनं. दुसरी तासाभराच्या अंतरावर. तिसरी लांब, गाडीने अडीच तास. तिथे साठेक जुनी मशिनं आणि ती सांभाळणारे एकच गृहस्थ, साठीला टेकलेले. तिन्ही साइट मिळून जगाला एकच टियर-२ दिसत असे.

बदल करायचा म्हणजे काय, तर फॉर लूप. एका फाइलमध्ये सगळ्या मशिनांची नावं. लूप एकेका मशिनवर लॉगिन करतो, आज्ञा चालवतो, पुढे जातो. बाहेरून येणाऱ्या माणसाला हे पाहून वाटतं की झालं की, काम यंत्रच करतंय. मलाही वाटायचं. लूप धावताना पडद्यावर सरकणाऱ्या ओळी पाहिल्या की हायसं व्हायचं. पण लूपला कालची आठवण नसते. बदल पाठवला त्या दुपारी जी सहा मशिनं बंद होती, दुरुस्तीला गेली होती, त्यांच्यापर्यंत तो पोहोचला नाही. ती आठवड्याने सुरू झाली आणि जुनंच घेऊन कामाला लागली. महिन्याने दुसरा बदल, दुसरी सहा मशिनं बंद. वर्षाअखेरीस कुठल्याही दोन मशिनांचं तंतोतंत जुळेल याची खात्री उरत नाही.

२०१० मधली एक सकाळ मला अजून आठवते. भारतातून काही जणांचे जॉब आमच्याकडे येऊन नाकारले जात होते, बाकी सर्वांचे व्यवस्थित चालू. ग्रिडवर ओळख पटते ती प्रमाणपत्रावर, आणि प्रत्येक देशात ती देणारी संस्था असते. ती संस्था रद्द झालेल्या प्रमाणपत्रांची यादी प्रसिद्ध करते. ती यादी आपल्या मशिनने दर काही तासांनी उतरवून घ्यायची. यादीची मुदत संपली आणि नवी आली नाही, तर मशिन सावधपणे त्या संस्थेची सगळीच प्रमाणपत्रं नाकारतं. आमच्या एका सर्व्हरवर भारतातल्या संस्थेची यादी आणणारं काम बंदच होतं. तीन महिन्यांपूर्वी लूप धावला तेव्हा तो सर्व्हर बंद होता. आणि आता पुण्या-मुंबईकडची, कदाचित माझ्याच वयाची मुलं सुपरव्हायझरला सांगत असणार की ग्रिड चालत नाही. मी पाच मिनिटांत दुरुस्त केलं आणि नंतर बराच वेळ नुसती बसून राहिले. दुरुस्ती पाच मिनिटांची होती. ती करायला हवी हे कळायला तीन महिने गेले होते.

त्या काळात एक कल्पना नीट समजली आणि तिने माझं काम बदललं. ऑस्लो विद्यापीठातल्या मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन नावाचं साधन लिहिलं होतं. त्याचा गाभा असा की मशिनला ‘हे कर’ असं सांगायचं नाही. ‘तू असं असायला हवंस’ एवढं लिहून ठेवायचं. मशिन ठरावीक वेळाने ते लिखाण वाचतं, स्वतःकडे पाहतं, फरक असेल तेवढाच दुरुस्त करतं. फरक नसेल तर काहीही करत नाही. आठवडाभर बंद असलेलं मशिन सुरू झालं की पहिल्याच फेरीत स्वतःहून ताळ्यावर येतं. ‘करा’ आणि ‘असावं’ यांतला हा फरक ऐकायला बारीक वाटतो. ज्याने दोनशे मशिनं हाताने जुळवली आहेत त्याला तो बारीक वाटत नाही.

ग्रिडच्या जगात ही कल्पना नवी नव्हतीच. युरोपीय डेटाग्रिड प्रकल्पातून निघालेलं क्वाटर नावाचं साधन सर्नमध्ये आणि काही मोठ्या केंद्रांत चालू होतं. आमच्यासारख्या छोट्यांकडे मात्र येम नावाची स्क्रिप्ट असे. एका फाइलमध्ये साइटची सगळी माहिती भरायची आणि प्रत्येक मशिनवर ती चालवायची. २०१२ मध्ये सर्न स्वतः क्वाटर सोडून पपेट या अशाच साधनाकडे वळत आहे असं कळलं, आणि आम्हीही पपेट घ्यायचं ठरवलं. पपेटमध्ये प्रत्येक मशिनवर एक एजंट असतो; तो दर ३० मिनिटांनी मध्यवर्ती सर्व्हरला विचारतो, मी कसा असायला हवा?

प्रश्न सोपा आहे. उत्तर लिहायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं.

कारण उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. वहीत काय केलं ते होतं. आत्ता काय आहे आणि का आहे, ते नव्हतं. एकेक फाइल उघडायची, दोनशे मशिनांवरची एकमेकांशी ताडून पाहायची. एकशे नव्वद सारख्या, दहा वेगळ्या. त्या दहांचं वेगळेपण ही चूक, की कुणीतरी विचारपूर्वक केलेली सोय? चूक असेल तर पुसायची, सोय असेल तर जपायची. चेहऱ्यावरून दोन्ही सारख्याच दिसतात. माझ्या साइटवर मी अंदाज बांधू शकत होते. तिसऱ्या साइटसाठी गाडी पकडून गेले.

त्या गृहस्थांनी मला दोन दिवस मशिन रूममधून फिरवलं. वही नव्हती, सगळं डोक्यात. या रॅकमधल्या मशिनांना कमी जॉब द्यायचे, कारण खिडकी दक्षिणेला आहे आणि दुपारी ऊन येतं, तापमान वाढलं की ती आपोआप बंद पडतात. या चारांचं नेटवर्क कार्ड पूर्ण वेगात अडखळतं, म्हणून वेग मुद्दाम कमी ठेवलेला. मी लिहून घेत होते. ते शांतपणे सांगत होते, पण मधेच थांबून त्यांनी विचारलं, “हे सगळं लिहून झालं की तुला माझी गरज काय?”

मी म्हटलं, “तुम्ही रजेवर जाल तेव्हा तुम्हाला फोन येणार नाही, यासाठी आहे हे.”

ते हसले नाहीत. मला ते उत्तर तेव्हा पुरेसं वाटलं होतं. आज वाटत नाही. त्यांचा प्रश्न खरा होता, आणि दोन दिवसांत मी विचारलं ते ‘काय’. ‘का’ त्यांनी आपणहून सांगितलं तेवढंच माझ्या टिपणात आलं.

याचा हिशेब २०१३ च्या वसंतात झाला. सर्नने तयार केलेली सीव्हीएमएफएस नावाची फाइल-प्रणाली तेव्हा सगळीकडे येत होती. त्याआधी प्रत्येक प्रयोगाचं अवजड सॉफ्टवेअर प्रत्येक साइटवर वेगळं बसवावं लागे. सीव्हीएमएफएसमध्ये ते एका ठिकाणी प्रसिद्ध होतं आणि जगभरची मशिनं लागेल तेवढाच भाग वेबवरून ओढून जवळ साठवतात. मधे प्रत्येक साइटचा स्वतःचा प्रॉक्सी असतो, म्हणजे एकच फाइल दोनशे वेळा बाहेरून आणावी लागत नाही. ग्रिडवर आलेल्या साधनांपैकी हे मला सर्वांत सुंदर वाटतं. मी त्याची सेटिंग पपेटमध्ये लिहिली, माझ्या साइटवर तपासली, दुसरीवर तपासली, दोन्हीकडे उत्तम. एका गुरुवारी दुपारी चार वाजता तिन्ही साइटना लागू केली आणि घरी गेले.

तिसऱ्या साइटवर सीव्हीएमएफएस आधीच होतं. त्या गृहस्थांनी हाताने बसवलेलं, त्यांच्या प्रॉक्सीच्या पत्त्यासकट. माझ्या लिखाणात त्या साइटसाठी वेगळा पत्ता नव्हता, म्हणून सर्वसाधारण पत्ता लागला, म्हणजे माझ्या विद्यापीठाचा. त्यांच्या फायरवॉलमधून तिथे जाताच येत नव्हतं. अर्ध्या तासात साठही मशिनांनी माझं लिखाण वाचलं, स्वतःकडे पाहिलं, फरक दिसला, आणि प्रामाणिकपणे स्वतःला बिघडवून घेतलं.

पुढचं ज्यांनी ग्रिड चालवलं आहे ते ओळखतील. सॉफ्टवेअर सापडलं नाही की जॉब मिनिटभरात मरतो. मरतो म्हणजे मशिन रिकामं होतं. रिकामं झालं की रांगेतून पुढचा जॉब घेतं. चांगल्या मशिनवर जॉब दहा तास चालतो. बिघडलेलं मशिन तासाला साठ जॉब गिळतं. याला आमच्याकडे ब्लॅक होल म्हणतात. एक ब्लॅक होल रांग रिकामी करू शकतं. आमच्याकडे त्या रात्री साठ होती.

सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. “माझ्या मशिनांवरची एक फाइल मी रात्रीपासून चार वेळा दुरुस्त केली,” ते म्हणाले, “आणि चारही वेळा ती परत बदलली. तू बदलते आहेस का?”

मी रात्रभर झोपलेली होते, पण उत्तर ‘हो’ असंच होतं. माणूस रात्री जागून बरोबर दुरुस्ती करत होता आणि माझं लिखाण दर अर्ध्या तासाने ती पुसत होतं. एजंट बंद करता येतो हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. बदल मागे घ्यायला मला दोन मिनिटं लागली. हजारो जॉब वाया गेले होते, आणि ते सोडणारे लोक मला माहीतही नव्हते. पण मला जास्त लागलं ते त्या चार दुरुस्त्यांचं. त्यांच्या मशिन रूममध्ये, त्यांच्याच हाताखालून, त्यांना न विचारता.

त्या रविवारी घरी फोन केला तेव्हा वडिलांना हे सांगितलं. संगणकाचे तपशील त्यांना नको होते. त्यांनी एकच विचारलं, “पाणी आधी कुणाला सोडता?”

मी सांगितलं, आधी माझी साइट, मग दुसरी, मग शेवटची.

“म्हणजे हेडपासून,” ते म्हणाले. “टेलला काय पोचतं ते मग टेलवाल्यालाच कळतं.”

कालव्यावरच्या शेजपाळीचा नियम मला पाठ असायला हवा होता. आमच्या घरात तो मीठ-भाकरीइतका रोजचा. पाणीवाटप शेपटाकडून सुरू करायचं. चारीच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याचं भिजणं आधी, मग वर वर सरकत मुखाकडे. मुखाजवळच्याला पाणी काही केलं तरी मिळतं. तो आधी घेऊ लागला की टोकाला कोरडं राहतं, आणि चारी कुठे फुटली आहे, कुठे गाळ साचला आहे, हे निरीक्षकाला कळतच नाही. टोकापर्यंत पाणी नीट गेलं, म्हणजे मधली सगळी वाट शाबूत आहे.

आम्ही क्रम उलटा केला. प्रत्येक बदल आधी तिसऱ्या साइटवर. तिथलं नेटवर्क अरुंद, मशिनं जुनी, सेटिंग वेगळी. तिथे जे टिकेल ते माझ्या नव्या रॅकवर टिकेलच. हे मी त्या गृहस्थांना सांगायला पुन्हा गेले. त्यांनी साहजिकच विचारलं, “म्हणजे मोडायचं ते आधी आमचं मोडायचं?”

“साठ नाही, दोन मशिनं,” मी म्हटलं. “कुठली ते तुम्ही ठरवा. सकाळी दहा वाजता, तुम्ही जागेवर असताना. आणि तुम्ही ‘चालेल’ म्हटल्याशिवाय बदल तिसऱ्या मशिनवर जाणार नाही. तुमच्याही नाही, माझ्याही नाही.”

त्यांनी दोन मशिनं निवडली. एक त्या खिडकीजवळच्या रॅकमधलं होतं.

बाकीच्या सुधारणा पटापट सांगते, कारण त्या आता सगळेच करतात. लिखाण गिटमध्ये ठेवलं, म्हणजे कुणी, कधी, काय बदललं ते दिसतं आणि मागे जाता येतं. नियम आणि माहिती वेगळी केली: ‘प्रॉक्सी असावा’ हा नियम सर्वांचा, प्रॉक्सीचा पत्ता ज्या त्या साइटच्या स्वतःच्या फाइलमध्ये. पत्ता नसेल तर सर्वसाधारण पत्ता लावायचा नाही, थांबायचं आणि ओरडायचं. खरा बदल करण्याआधी नुसतं काय बदलेल ते दाखवणारी कोरडी फेरी घ्यायची. प्रत्येक मशिनने जॉब घेण्याआधी स्वतःला तपासायचं, सॉफ्टवेअर दिसतं का, डिस्कवर जागा आहे का. नसेल तर रांगेतून बाजूला व्हायचं.

एका गोष्टीवर मात्र थांबायला हवं, कारण ती मला उशिरा कळली. पपेट दर फेरीचा अहवाल देतो, आणि आम्ही त्यात फक्त लाल ओळी पाहायचो, म्हणजे जिथे दुरुस्ती जमली नाही तिथल्या. एकदा सहज सगळ्या ओळी पाहिल्या, तर एका सर्व्हरवर तीच फाइल दिवसात अनेकदा दुरुस्त होत होती, यशस्वीपणे, महिनाभर. दुसऱ्या बाजूने येमची जुनी स्क्रिप्ट, ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून, चालू राहिली होती आणि तीच फाइल आपल्या पद्धतीने लिहीत होती. दोघे मिळून एक फाइल ओढत होते आणि फलकावर सगळं हिरवं. तेव्हापासून माझ्या मते पुन्हा पुन्हा होणारी यशस्वी दुरुस्ती ही अपयशाइतकीच तातडीने पाहायची गोष्ट आहे. आपोआप बरं होणारं दुखणंही दुखणंच असतं. आणि दर अर्ध्या तासाने फाइल बदलणारा कुणी माणूस असेल, तर त्याला फोन करायचा. ब्लॅक होलच्या त्या रात्री अहवालात तेच लिहिलेलं होतं, साठ मशिनांसमोर. वाचणारं कुणी नव्हतं.

७ एप्रिल २०१४ ला ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड नावाची त्रुटी जाहीर झाली. सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूर, गुप्त किल्ल्यांसकट, बाहेरचा माणूस वाचू शकेल अशी ती होती. सायंटिफिक लिनक्स ५ वरची आमची जुनी मशिनं वाचली, कारण त्यांच्यात ओपनएसएसएलची जुनी आवृत्ती होती. ६ वर चढवलेली सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोन मशिनांवर दुरुस्ती. साडेदहाला तिसऱ्या साइटवरून फोन, “चालेल.” दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत तिन्ही साइटवरची सगळी मशिनं झाली होती, आणि जी बंद होती ती सुरू होताच स्वतःहून करणार होती. मग प्रमाणपत्रांच्या किल्ल्या बदलायचं किचकट काम दोन दिवस चाललं, ते हातानेच. लूपच्या काळात हे आम्हाला किती आठवडे पुरलं असतं, याचा मी विचारही केला नाही. त्या दिवशी मी वेळेवर घरी गेले.

साधारण त्याच वर्षांत कोलायडरवरच्या सीएमएस प्रयोगानेही आपल्या साइटची माहिती अशीच हलवली. प्रत्येक साइटचा एक फोल्डर. त्यात तिचं साठवणीचं ठिकाण, प्रॉक्सी, मार्ग. साइटवाला आपल्या फोल्डरमध्ये बदल करतो, गिटमध्ये टाकतो, आणि तो बदल सीव्हीएमएफएसवरून जगभरच्या मशिनांपर्यंत पोहोचतो. म्हणजे माझ्या मशिनवर बसून मला सगळ्या साइटचे फोल्डर वाचता येत. एकदा ती यादी पाहत खाली सरकले आणि ‘टी२_आयएन_टीआयएफआर’ दिसलं, म्हणजे टाटा संस्था. मुंबईतल्या कुणीतरी लिहिलेली ओळ माझ्या खोलीतल्या प्रत्येक मशिनवरून वाचता येत होती, आणि माझी तिथल्या मशिनांवरून. फोल्डर ज्याचा त्याचा. त्यात काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. पसरवण्याचं काम मात्र सर्वांचं एकच. मी जे तीन साइटवर ठेच खाऊन शिकले ते तिथे पहिल्यापासून मांडलेलं होतं. मला फार बरं वाटलं.

याच्या उलट, १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा-सॉफ्टवेअरचं अपडेट जगभर एकाच वेळी गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं बंद पडली. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. बातमी पाहताना सहकारी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीबद्दल बोलत होते. मी पहाटे दवाखान्यांत, बँकांत, विमानतळांवर एकेका मशिनपाशी उभं राहून ते हाताने सुरू करणाऱ्यांचा विचार करत होते. त्यांनी बदल मागितला नव्हता, त्यांना विचारलंही नव्हतं, आणि दुरुस्ती करायला शेवटी तेच उभे होते.

तिसऱ्या साइटवरचे ते गृहस्थ २०१६ मध्येच निवृत्त झाले होते. जाण्याआधी दोन महिने त्यांनी एकच काम केलं. त्यांच्या साइटच्या माहितीच्या फाइलमध्ये प्रत्येक वेगळ्या ओळीच्या वर एक टिप्पणी लिहिली: ही ओळ का आहे. ‘या चारांचं कार्ड पूर्ण वेगात अडखळतं, बदलायला पैसे नाहीत, बदललं की ही ओळ काढा.’ ‘प्रॉक्सी आपलाच, बाहेरचा पत्ता फायरवॉल सोडत नाही.’ ‘खिडकी दक्षिणेला. मे ते ऑगस्ट दुपारी ऊन. अर्धेच जॉब.’ पपेट या ओळी वाचत नाही. त्याच्या दृष्टीने त्या नाहीतच. शेवटच्या दिवशी त्यांनी मला फाइल दाखवली आणि म्हणाले, “आता फोन येणार नाही.” मी त्यांच्या जुन्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. गरज होती ती याची होती, असं काहीतरी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि कोट घेतला.

त्यांच्या जागी आलेला मुलगा हुशार आहे, सावध आहे. गेल्या वर्षी त्याने मला एक बदल तपासायला पाठवला. खिडकीजवळचं रॅक भंगारात गेलं होतं, तिथे आता शीतकरणाचं नवं युनिट बसलं आहे. ‘अर्धेच जॉब’ ही ओळ आणि तिच्यावरची टिप्पणी काढायची होती. बदलाच्या खाली त्याने लिहिलं होतं: ‘खिडकीपाशी उभा राहून दोन दिवस दुपारी तापमान मोजलं. ऊन अजून येतं, पण तिथे आता एकही मशिन नाही. काढू का?’

कोरडी फेरी घेतली. कुठल्याच मशिनवर काही बदलणार नव्हतं. मी ‘काढ’ असं लिहिलं.